मनोरुग्णालयातून स्वतःच्या घरी: कागद, अर्ज आणि त्यांचा क्रम

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत अशी माणसं आहेत, ज्यांच्या केस पेपरवर ‘फिट फॉर डिस्चार्ज’ हा शेरा कधीच पडलेला आहे आणि जी अजून वॉर्डातच आहेत. न्यायला कोणी येत नाही, एवढंच कारण. त्यांच्यासाठी धडपडणारंही कोणीतरी असतं: बहीण, भाचा, गावातला कार्यकर्ता, संस्थेतली नवी समाजसेविका. त्यांचे अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि दर वेळी दोष सरकारी आळसाचाच असतो असं नाही. अर्ज भलत्याच कार्यालयात गेलेला असतो. ज्याच्यासाठी अर्ज केला त्याची सहीच त्यावर नसते. किंवा ‘सोडा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि सुटल्यावर तो झोपणार कुठे, गोळ्या घेणार कुठून याबद्दल एक ओळ नसते.

आपलं मुख्य हत्यार म्हणजे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. तो २०१८ पासून लागू आहे. त्यातलं कलम १९ पाठ करून ठेवा. घरचे नाहीत, घरचे नाकारतात, माणूस बेघर आहे किंवा बाहेर राहण्याची सोय नाही, केवळ या कारणांवरून कोणालाही मानसिक आरोग्य आस्थापनेत (म्हणजे मनोरुग्णालय किंवा तशा संस्थेत) ठेवून घेता येत नाही, असं ते सांगतं. जोडीला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ५ आहे: समाजात राहण्याचा हक्क, आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नाही. दोन्ही कायदे केंद्राचे आहेत, त्यामुळे बांबोळीच्या मनोरुग्णालयात कोणी असेल तर गोव्यातल्या वाचकांनाही पुढचा क्रम बहुतांशी तसाच लागू पडेल. पेन्शनसारख्या योजना मात्र राज्यागणिक बदलतात.

आधी बघा: हा रस्ता तुमचाच आहे का?

हा लेख मनोविकारासाठी दाखल असलेल्या प्रौढ माणसांबद्दल आहे. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आणि जिल्हाधिकाऱ्यांकडची स्थानिक स्तर समिती हा वेगळा मार्ग आहे. दिव्यांग मुलाला केवळ दिव्यांगतेमुळे आईबापांपासून तोडता येत नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो (२०१६ च्या कायद्याचं कलम ९).

या दोन रस्त्यांची गल्लत फार होते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्या माणसासाठी राष्ट्रीय न्यासाचं पालकत्व प्रमाणपत्र मिळतच नाही. तरी बँकेतलं कोणीतरी ‘आधी पालकत्व काढून आणा’ म्हणतं आणि नातेवाईक त्यामागे वर्ष घालवतात. डिस्चार्जला पालकत्व लागत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवून पुढे चला.

टप्पा १: माणूस आज कोणत्या कलमाखाली आत आहे?

पहिला प्रश्न ‘कधी सोडणार?’ हा नव्हे. पहिला प्रश्न: ‘आजच्या तारखेला दाखला (म्हणजे रुग्णालयातली भरती) कोणत्या कलमाखाली आहे?’ उत्तर वॉर्डातल्या सिस्टरांकडे नसेल. ते वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात किंवा समाजसेवा अधीक्षकांकडे मिळेल. उत्तरं साधारण तीन असतात.

स्वतंत्र दाखला, कलम ८६: माणूस स्वतःच्या इच्छेने आत आहे. कलम ८८ प्रमाणे त्याने मागितलं की त्याला सोडायला हवं. तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं, तेही कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच.

आधारासह दाखला, कलम ८९ किंवा ९०: निर्णय घ्यायला माणसाला फार आधार लागतो म्हणून त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर झालेला दाखला. ८९ ची मुदत ३० दिवस. त्यापुढे ९० लागतं आणि त्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची (दाखल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या, न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाची) परवानगी हवी. ती पहिल्यांदा ९० दिवसांपर्यंत, मग १२० दिवस, त्यानंतर दर वेळी १८० दिवसांपर्यंत. म्हणजे आज जो कलम ९० खाली आत आहे, त्याच्या फाइलमध्ये मंडळाचा चालू मुदतीचा कागद असलाच पाहिजे.

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त वेळा मिळतं: ‘जुनी केस आहे, कोर्टातून आलेली.’ म्हणजे १९८७ च्या जुन्या कायद्याखालचा आदेश. तो कायदा आता राहिलेला नाही. नव्या कायद्याच्या कलम १०२ मध्ये दंडाधिकारी तपासणीसाठी १० दिवसांपर्यंतच पाठवू शकतात. त्यामुळे ‘ज्या कोर्टाने पाठवलं त्याच कोर्टातून सोडवून आणा’ हे ऐकून वकील शोधत फिरू नका. चालू असलेल्या फौजदारी खटल्यातला किंवा तुरुंगातून आलेला माणूस असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वकील लागेलच.

तपासा: कलम, दाखल तारीख, शेवटच्या मानसिक तपासणीची तारीख आणि तिचा शेरा या चार गोष्टी वहीत आल्या का? रुग्णाला स्वतःचे वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क आहे (कलम २५). प्रत मागा आणि मागितल्याची पोच घ्या.

टप्पा २: आधी त्या माणसाशी बोला, मग घरच्यांशी

बहुतेकजण उलटं करतात. आधी भावाकडे जातात, तो नाही म्हणतो, मग वहिनीला समजावतात, सरपंचाला मध्ये घालतात, आणि या सगळ्यात सहा महिने गेल्यावर लक्षात येतं की ज्याला बाहेर यायचंय त्याला कोणी विचारलेलंच नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हा क्रम चुकीचा आहे. निर्णय घेण्याची क्षमता प्रत्येकाला आहे असंच गृहीत धरायचं असतं. माहिती समजणं, परिणाम उमजणं किंवा आपलं म्हणणं बोलून, खुणेने किंवा कसंही सांगता येणं एवढी त्याची कसोटी आहे (कलम ४).

वॉर्डाच्या कर्मचाऱ्यांपासून थोडं बाजूला बसून बोला. ‘घरी जायचं का?’ असं विचारू नका. बऱ्याच जणींसाठी घर म्हणजे जिथून हाकललं ती जागा. त्यापेक्षा विचारा: कोणाबरोबर राहायला आवडेल? कोणाबरोबर अजिबात नाही? सकाळी उठून काय करावंसं वाटतं? स्वयंपाक येतो का, करावासा वाटतो का? आजारपण वाढायला लागलं की तुम्हाला आधी काय जाणवतं?

पहिल्या भेटीत ‘इथेच बरं आहे’ हे उत्तर हमखास येतं. पंधरा वर्षं बाहेरचा रस्ता न पाहिलेल्या माणसाने ते म्हणणं स्वाभाविक आहे. त्याला नकार समजून फाइल बंद करू नका, आणि होकार काढण्यासाठी मागेही लागू नका. रुग्णालयाच्या परवानगीने एखादी खोली, एखादं गटाने राहण्याचं घर प्रत्यक्ष दाखवून आणा आणि मग पुन्हा विचारा. पाहिल्यानंतरही नको म्हणाला तर ते त्याचं उत्तर.

बोलणं झालं की दोन कागद करा.

पहिला त्याच्या शब्दांतला एक पानाचा मजकूर: मला कुठे, कसं राहायचंय. लिहिता येत नसेल तर तो सांगेल तसं तुम्ही लिहा, वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या.

दुसरा नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाचा (कलम १४). साध्या कागदावर चालतो. रुग्णाची सही किंवा अंगठा आणि प्रतिनिधी होणाऱ्याची लेखी संमती हवी. प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे असं नाही, आणि रुग्ण तो कधीही बदलू शकतो. हा कागद अनेकजण टाळतात, आणि नेमका पुढे त्याच्यावाचून अडतं: मंडळाकडे अर्ज करण्याचा अधिकार रुग्णाला, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेच्या प्रतिनिधीला आहे. शेजारी, मित्र, भाचा म्हणून नुसता अर्ज दिलात तर तो टिकत नाही. भाच्याला आधी प्रतिनिधी करा.

आता घरचे. त्यांच्याकडे ‘घेऊन जा’ ही मागणी घेऊन जाऊच नका. कायदा त्यांच्या होकारावर सुटका टांगून ठेवत नाही, मग आपण का ठेवायची? लहान गोष्टी मागा: शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या रेशनकार्डाची प्रत, एक फोटो, रविवारी एक फोन, गणपतीत एक भेट. नेण्याचा बोजा डोक्यावरून उतरला की भेटायला तयार होणारी घरं बरीच असतात. साफ नकार आला तर तो समाजसेवा अधीक्षकांकडून फाइलवर नोंदवून घ्या. कुटुंबाने टाकलेल्या माणसाला कायदेशीर मदतीसह आधार देण्याची आणि कौटुंबिक घरात राहण्याचा हक्क वापरता यावा यासाठी साहाय्य करण्याची जबाबदारी कलम १९(२) सरकारवर टाकतं. तिथे ही नोंद उपयोगी पडते.

मध्येच एक महत्त्वाचा विषय: सातबारा

नकारामागे कित्येकदा आजाराची भीती नसते, जमिनीचा वाटा असतो. माणूस आत असताना वडील वारले, वारस नोंदीत त्याचं नाव आलंच नाही, किंवा वॉर्डात येऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला गेला, असं घडू शकतं. म्हणून घरच्यांशी पहिली भेट होण्याआधीच गाव आणि गट नंबर माहीत असेल तर महाभूलेखवर सातबारा बघून ठेवा. मागचे फेरफार तलाठी कार्यालयातून काढा.

आजार किंवा व्यंग आहे म्हणून वारसाहक्क जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ मध्ये ते स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कलम १३ मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने घेण्याचा आणि स्वतःचे पैसे सांभाळण्याचा हक्क देतं. स्त्री असेल आणि सासरच्या किंवा माहेरच्या सामायिक घरातून तिला काढलं असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मधला निवासाचा हक्कही बघायला हवा.

थांबा: डिस्चार्ज आणि जमीन हे दोन विषय एकाच अर्जात घालू नका. जमिनीचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे द्या; मनोविकार असलेल्या आणि दिव्यांग व्यक्तींना ही मदत मोफत आहे, फोन १५१००. आणि डिस्चार्जच्या आनंदात भावाने पुढे केलेल्या कुठल्याही स्टॅम्पपेपरवर सही होऊ देऊ नका.

टप्पा ३: कागद आत असतानाच काढा

बाहेर आल्यावर कागद काढू, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बाहेर पत्ता नसतो, आत निदान रुग्णालयाचा असतो. क्रम असा ठेवा.

१. आधार. कॅम्प लावून नोंदणी करता येते, अधीक्षकांच्या कार्यालयाशी बोला. नवी नोंदणी ‘आधीच आहे’ म्हणून फेटाळली गेली तर वैतागू नका. ती चांगली खूण आहे: बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले, म्हणजे जुनं आधार शोधता येतं. हरवलेल्या माणसांची गावं अशीच सापडली आहेत.

२. स्वतःच्या एकट्याच्या नावाचं बँक खातं. जनधनचं साधं खातं पुरतं. भावाबरोबर संयुक्त खातं नको.

३. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र). मनोविकारासाठी मोजमाप ‘आयडियाज’ या पद्धतीने होतं: स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद व समज, आणि काम. लाभांसाठी बहुतेक ठिकाणी किमान ४० टक्के लागतात. तपासणीच्या दिवशी माणसं ‘सगळं जमतं’ असं सांगून येतात, कारण आत राहून राहून चांगलं वागायची सवय झालेली असते. खऱ्या अडचणी सांगायला आधीच सांगून ठेवा. आणि एक भीती काढून टाका: ६० टक्के दिव्यांगत्व लिहिलं म्हणून डिस्चार्ज अडत नाही. रुग्णालयात ठेवण्याची गरज आहे का, हा प्रश्नच वेगळा आहे.

४. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान महिना १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून पत्ता नक्की झाला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

५. रेशनकार्ड. हे नव्या पत्त्यावरच काढावं लागेल, पण जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आधी मिळवून ठेवा.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. भांडीकुंडी, अंथरूण, शिलाई मशीन यासाठी तिथे मागता येतं. मिळेलच असं नाही, पण मागणारे कमी असतात.

तपासा: दात आणि डोळे. हसू नका. वर्षानुवर्षं आत राहिलेल्यांना चष्मा नसतो आणि दाढा गेलेल्या असतात. हे बाहेर आल्यावर खिशातून करण्यापेक्षा आत असतानाच सरकारी रुग्णालयात करून घ्या.

टप्पा ४: जागा. आश्रम म्हणजे घर नव्हे

जिथे माणूस स्वतःचं आयुष्य चालवेल अशी जागा शोधायची आहे. पर्याय चार: कुटुंबाचं घर, स्वतंत्र भाड्याची खोली, चारपाच जणांनी मिळून राहायचं गटघर, आणि काही महिन्यांसाठी हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम). ‘द बॅनियन’ या संस्थेचं ‘होम अगेन’ हे काम गटघराचा नमुना म्हणून पाहण्यासारखं आहे: साध्या वस्तीत भाड्याचं घर, त्यात काहीजणी एकत्र, आणि गरजेपुरती मदतनीस. ते चेन्नईत सुरू झालं आणि रत्नागिरीतही आलं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ने मनोरुग्णालयातून बाहेर येणाऱ्या स्त्रियांना वसतिगृह आणि नोकरीच्या दिशेने नेण्याचं काम केलं.

एखादी जागा बघायला गेलात की फलकावर काय लिहिलंय ते सोडा आणि हे विचारा. दाराची किल्ली कोणाकडे? रात्री अकराला चहा करावासा वाटला तर करता येतो का? खोलीत कोण राहणार हे कोण ठरवतं? बाजारात जायला परवानगी लागते का? फोन स्वतःजवळ असतो का? पैसे कोण ठेवतं? यातली चार उत्तरं ‘व्यवस्थापक’ अशी आली तर तो लहान वॉर्डच आहे, बाहेर बाग कितीही छान असो. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं कलम १९ हेच म्हणतं, आणि भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला आहे.

थांबा: रुग्णालयातून भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात किंवा कुठल्याशा ‘सेवाश्रमा’त हलवणं म्हणजे डिस्चार्ज नव्हे. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार बन्सल प्रकरणात महाराष्ट्राला सांगितलं, की मनोरुग्णालयांतल्या लोकांना भिक्षेकरी गृहांत आणि कोठडीवजा संस्थांत हलवणं ताबडतोब थांबवा. कोणी असा पर्याय ‘तात्पुरता’ म्हणून पुढे केला तर हा आदेश दाखवा. तात्पुरतं म्हणून गेलेली माणसं तिथेच राहतात.

भाड्याची खोली घेताना लिव्ह अँड लायसन्स करार त्या माणसाच्या स्वतःच्या नावाने करा. घरमालकाला किंवा सोसायटीला निदान सांगायची गरज नाही. आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क कलम २३ मध्ये आहे. कोणाला किती सांगायचं हे तो माणूस ठरवेल. माझं मत विचाराल तर शेजारच्या एका घराशी ओळख करून द्यावी, आजाराची नव्हे, माणसाची.

टप्पा ५: डिस्चार्ज योजना लेखी करून घ्या

कलम ९८ प्रमाणे सोडण्याआधी मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याच्या प्रतिनिधीशी, तो ज्यांच्याबरोबर राहणार त्यांच्याशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून योजना करायची असते. वॉर्डात वेळ नसतो, म्हणून कच्चा मसुदा तुम्हीच घेऊन जा. एका पानात बसवा:

पत्ता आणि तिथे कोण कोण आहे. गोळ्यांची नावं, मात्रा, वेळ. पुढची ओपीडी कुठे आणि कोणत्या तारखेला. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून औषधं मोफत मिळतात, तिथल्या मनोविकारतज्ज्ञांशी आधीच फोनवर बोलून ठेवा. रक्ततपासण्या. महिन्याचा खर्च आणि तो कुठून येणार. आजार उलटायला लागल्याच्या खुणा, त्या माणसाच्या शब्दांत. त्या वेळी फोन कोणाला: प्रतिनिधी, डॉक्टर, आणि रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

थांबा: क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरची एक गोळी) सुरू असेल तर खास काळजी. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर ती जुन्या मात्रेत परत सुरू करायची नसते, डॉक्टरांनी पुन्हा कमी मात्रेपासून चढवावी लागते. नियमित रक्ततपासणी चुकवून चालत नाही. गावाच्या दुकानात ही गोळी असेलच असं धरू नका. लिथियम (बायपोलर आजारावरची गोळी) असेल तर जुलाब, उलट्या, कडक ताप यात रक्तातली पातळी वाढू शकते, आणि अंगदुखीच्या काही साध्या गोळ्यांनीही वाढते. मेडिकलवाल्याला विचारून गोळी घ्यायची सवय इथे धोक्याची आहे.

टप्पा ६: अर्ज. आधी अधीक्षक, मग मंडळ

आता कुठे अर्जाची वेळ आली. पहिला अर्ज वैद्यकीय अधीक्षकांना, रुग्णाच्या नावाने. लांबण नको. मजकूर साधारण असा:

‘मी (नाव), वॉर्ड क्र. …, दि. … पासून येथे दाखल आहे. दि. … रोजीच्या तपासणीत मी डिस्चार्जयोग्य असल्याची नोंद आहे. मला (पत्ता) येथे राहावयास जायचे आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ व ९८ नुसार माझी डिस्चार्ज योजना निश्चित करून मला दि. … पर्यंत सोडण्यात यावे. सोडता येत नसल्यास त्याचे कारण व लागू कलम लेखी कळवावे. सोबत: राहण्याच्या इच्छेचा मजकूर, नामनिर्देशित प्रतिनिधीचा कागद, भाडेकरार, प्रस्तावित योजना.’

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. ‘कारण व कलम लेखी’ मागितलं की तोंडी ‘बघू’ संपतं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुदतीत उत्तर नाही, किंवा ‘नातेवाईक आणा’ असं लेखी उत्तर आलं, तर कलम ७७ खाली मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करा. फी नाही. रुग्णाचं आणि प्रतिनिधीचं नाव, रुग्णालय, वॉर्ड, कोणत्या हक्काचा भंग झाला आणि काय हवं, एवढं लिहायचं. अपवादात्मक परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरचा अर्जही मंडळ घेऊ शकतं. मंडळाच्या अध्यक्षस्थानी जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाची व्यक्ती असते, आणि सदस्यांत मनोविकाराचा अनुभव घेतलेल्या व्यक्ती, काळजीवाहक किंवा संस्थांचे प्रतिनिधीही असतात. कलम ९० च्या दाखल्याला आव्हान असेल तर २१ दिवसांत, इतर बहुतेक अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचे असतात. सुनावणी बंद दाराआड होते; रुग्ण स्वतः हजर राहू शकतो, आणि त्याने राहावंच. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील.

इथल्या चुका दोन. पहिली, थेट पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात डिस्चार्जचा अर्ज पाठवणं. यूडीआयडी अडलं, दिव्यांग म्हणून भेदभाव झाला, तर ते दार बरोबर, डिस्चार्जसाठी मंडळ. दुसरी, अर्जात रुग्णालयावर आरोपांची यादी देणं. मारहाण, बांधून ठेवणं असं काही घडलं असेल तर जरूर लिहा, पण वेगळ्या तक्रारीत (कलम २८). सुटकेच्या अर्जात जेवणाची तक्रार आली की सुनावणी जेवणावर होते.

टप्पा ७: रजेवर जाऊन राहून बघणं

आधारासह दाखल असलेल्या माणसाला कलम ९१ खाली रजा मिळू शकते. आठदहा दिवस नव्या जागी राहून यायचं. ही परीक्षा नाही, आणि त्या माणसाला तसं वाटू देऊ नका. तपासायची असते ती आपली व्यवस्था: गोळ्या वेळेवर मिळाल्या का, संडास कुठे आहे हे रात्री सापडलं का, रस्ता ओलांडता आला का, पैसे किती लागले. २०१६ च्या नोव्हेंबरआधी आत गेलेल्या माणसाने आजची पाचशेची नोट पाहिलेली नसते आणि क्यूआर कोड तर नाहीच. दुकानात त्याच्याबरोबर जा, पण पैसे त्याला देऊ द्या.

रजेत काही बिनसलं तर योजना सुधारा. ‘जमत नाही’ असा शेरा फाइलवर पडू देऊ नका. काय कमी पडलं ते लिहायला लावा.

टप्पा ८: पहिले तीन महिने

डिस्चार्जच्या दिवशी हातात काय असायला हवं: डिस्चार्ज कार्ड, महिनाभराच्या गोळ्या, पुढच्या ओपीडीची चिठ्ठी, आधार, पासबुक, यूडीआयडी, आणि आत जमा असलेले त्याचे पैसे व वस्तू. ‘रुग्णाच्या सर्व कृत्यांची जबाबदारी माझी’ असा बाँड पुढे आला तर त्यावर सही करू नका. प्रतिनिधी म्हणून मदत करण्याचं मान्य करा, तेवढंच लिहा.

पहिली ओपीडी चुकली की औषधं सुटण्याची साखळी सुरू होते, म्हणून त्या दिवशी बरोबर जा. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनतीनदा भेट, पुढे कमी. झोप हा सगळ्यात लवकर कळणारा निर्देशक आहे. सलग तीन रात्री झोप नाही, तर ओपीडीची तारीख येईपर्यंत थांबू नका. कामाची घाई नको. दिवसाला दोन तासांचं काम, तेही आवडीचं, आधी पुरे.

आजार उलटला आणि थोडे दिवस दाखल व्हावं लागलं तर शक्यतो कलम ८६ खाली, स्वतःच्या सहीने दाखल व्हावं. त्या काळात खोलीचं भाडं भरत राहा. जागा गेली की ते थोडे दिवस लांबत जातात. म्हणून दोन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावी. माणूस बरा असताना आगाऊ निर्देश लिहून मंडळाकडे नोंदवून ठेवा (कलम ५): कसे उपचार हवेत, कसे नकोत, प्रतिनिधी कोण.

कॅलेंडरवर तीन तारखा लाल करा. भाडेकरार अकरा महिन्यांचा असेल तर नवव्या महिन्यात घरमालकाशी बोलणं सुरू. संजय गांधी योजनेचा हयातीचा दाखला दर वर्षी. आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र मुदतीचं मिळालं असेल तर संपण्याच्या चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज, कारण ते संपलं की पेन्शनही थांबते.